लाकडाचा लगदा, चांदीचं सोंग : ‘मेट्रोपोलिस’चा यंत्रमानव घरी बनवताना

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना येणारे ‘म्हणजे’ आणि ‘काय तर’ थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आज बोलायचंय ‘स्क्रॅच बिल्डिंग’बद्दल. विकतचं किट आणलं की डब्यात भाग असतात, नंबर असतात, सूचनांचा कागद असतो. इथे त्यातलं काहीच नसतं. तार, कागद, एम-सील, रंग आणि समोर चार-सहा फोटो. बाकी सगळं आपण करायचं.

बनवायचाय तो सिनेमातला बहुतेक सगळ्यात प्रसिद्ध यंत्रमानव. फ्रिट्झ लांगच्या ‘मेट्रोपोलिस’मधला. जर्मन मूकपट, जानेवारी १९२७ मध्ये बर्लिनला पहिला खेळ झाला. सिनेमा नसेल पाहिला तरी ही आकृती तुम्ही पाहिलेली असणार: बाईचा बांधा, अंगभर धातूचं चिलखत, शांत चेहरा. ‘स्टार वॉर्स’मधला सोनेरी सी-थ्रीपीओ आठवतो ना? त्याची पहिली चित्रं राल्फ मॅक्वारीने काढली तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर हीच बाई होती. म्हणजे ही त्याची आजीच.

जाता जाता एक सांगतो, कारण मराठी माणसाला हे ऐकून गंमत वाटते. ‘मेट्रोपोलिस’ची कथा-पटकथा थेआ फॉन हार्बोची, म्हणजे त्या वेळच्या लांगच्या बायकोची. पुढे त्यांचा घटस्फोट झाला आणि या थेआबाईंचं नातं जुळलं ते बेळगावकडून जर्मनीत शिकायला गेलेल्या आयी गणपत तेंडुलकरांशी. तेंडुलकरांच्या मुलीने आपल्या आई-वडिलांवर पुस्तक लिहिलंय, त्यात हा सगळा भाग येतो. त्यावर एक वेगळा भाग होईल, पण तो माझा प्रांत नाही.

आता मुद्द्यावर येतो. मॉडेल करायला घेतलं की पहिला प्रश्न असतो, मूळ वस्तू कशाची होती? सगळे म्हणतात, धातूची. पडद्यावर तशीच दिसते. पितळ असेल, तांबं असेल, पत्रा असेल. आणि इथेच खरी मजा आहे, कारण त्यात धातूचा पत्रा कुठेच नव्हता.

तो पोशाख बनवला वाल्टर शुल्त्झ-मिटेनडॉर्फ नावाच्या शिल्पकाराने. सुरुवातीला विचार तांब्याचा पत्रा ठोकून करण्याचा होता, जुन्या सरदारांच्या चिलखतासारखा. पण आत जिवंत मुलगी असणार, ती चालणार, उठणार, बसणार. तेवढं वजन ती पेलणार कशी? मग त्याच्या हाती आलं ‘प्लास्टिक वुड’. यातल्या ‘प्लास्टिक’वर जाऊ नका, त्याचा अर्थ इथे ‘घडवता येणारं’ असा. लाकडाचा लगदा, हवेत पटकन वाळणारा, वाळल्यावर लाकडासारखा तासता, कापता, घासता येणारा. सुतार फटी बुजवायला वापरतात त्याच जातीचं.

मग त्याने ब्रिगिट हेल्मच्या उभ्या शरीराचा प्लास्टरचा साचा घेतला. ही नटी तेव्हा विशीच्या आतली आणि हा तिचा पहिला सिनेमा. जाड गोणपाटावर त्याने हा लगदा कणकेसारखा लाटला, साधारण २ मिलिमीटर जाडीचा. ती पोळी प्लास्टरच्या हेल्मवर ताणून बसवली, वाळू दिली, कडा कापून आकार दिले. शेवटी सेलॉन नावाच्या लॅकरमध्ये चंदेरी पूड कालवली आणि स्प्रेने मारली. झाला धातू! आणि हा धातू कॅमेरा अगदी जवळ आला तरी धातूच राहिला.

म्हणजे बघा मंडळी, जगातल्या या सगळ्यात प्रसिद्ध यंत्रमानवाचा कर्ता आपल्यातलाच निघाला. गोणपाट, लगदा, लाटणं, काचपेपर, स्प्रे. आपण जे टेबलावर करतो तेच त्याने माणसाच्या मापात केलं.

पण त्यामुळे एक पेचही उभा राहतो आणि आजच्या भागाचं खरं कारण तो पेच आहे. मी नेमकं कशाचं मॉडेल करतोय? गोष्टीतल्या यंत्राचं, जे रोटवांग नावाच्या शास्त्रज्ञाने धातूचं बनवलंय? की स्टुडिओतल्या पोशाखाचं, जो रंगवलेलं लाकूड आहे? यंत्राचं करायचं असेल तर कडा सुरीसारख्या हव्यात, पृष्ठभाग आरशासारखा, डावं-उजवं तंतोतंत सारखं. पोशाखाचं करायचं असेल तर हाताचं काम दिसायला हवं. इंटरनेटवर संगणकात कोरून प्रिंट केलेल्या याच्या प्रतिकृती खूप सापडतील. त्यातल्या बऱ्याच फार सुबक आहेत. मला त्या आवडत नाहीत. त्यांत आत कोणी नाही असं वाटतं. सिनेमात ती खुर्चीवरून उठते, संथपणे चालत येते आणि शहराच्या मालकापुढे हात करते, तेव्हा अंगावर काटा येतो तो आत मुलगी आहे म्हणून. खांदा किंचित हलतो. तो पत्र्याचा खांदा नाही.

तेव्हा माझा निर्णय असा: मॉडेल पोशाखाचं, रंग मात्र यंत्राचा. आता हे कसं करायचं ते सांगतो.

माप एकास सहा घेतलं. पाच फूट सहा इंचाचा माणूस या मापात २८ सेंटीमीटरचा होतो. शोकेसमध्ये मावतो आणि चेहऱ्यावर काम करायला जागा मिळते. पंचाईत जाडीची. मूळ कवच २ मिलिमीटर, भागिले सहा केलं की ०.३३ मिलिमीटर. सनबोर्ड घेतला तर पातळातला पातळसुद्धा याच्या कितीतरी पट जाड. मग चिलखत चिलखत न दिसता रजई दिसते. बहुतेक घरगुती यंत्रमानव गुबगुबीत का वाटतात याचं कारण हेच, जाडी मापात नसते.

माझं उत्तर आहे लग्नपत्रिका. हसू नका. चांगल्या पत्रिकेचा कागद ०.३ ते ०.४ मिलिमीटर असतो. आपल्याकडे लग्नसराई संपली की घरात या मालाचा तोटा नाही. खरखरीत छपाईचा, चमकीचा, मखमली गणपतीवाला भाग सोडून द्यायचा आणि आतला साधा गुळगुळीत कागद घ्यायचा. कापून बसवला की त्यावर पातळ फेविक्विक सोडायचं. कागद ते पिऊन टाकतो आणि कडक होतो, इतका की काचपेपरने घासता येतो. हे करताना खिडकी उघडी, डोळ्यांवर चष्मा. गोष्टीत रोटवांगने हे यंत्र बनवताना एक हात गमावलेला असतो. आपण दोन बोटं एकमेकांना चिकटण्यावर भागवू.

आतलं शरीर आधी. ॲल्युमिनियमच्या तारेचा सांगाडा, त्यावर स्वयंपाकघरातली फॉइल गच्च दाबून, त्यावर एम-सील. इथे फार नाजूकपणा नको, कारण हे सगळं झाकलं जाणार आहे. पण उभं राहणं मात्र याच वेळी ठरतं. मूळ साचा सरळ उभ्या शरीराचा होता. तसाच्या तसा केला तर ते शाळेच्या गॅदरिंगच्या ट्रॉफीसारखं दिसतं. मी वजन थोडं एका पायावर दिलं. अगदी थोडं, कंबर दोनेक मिलिमीटर सरकेल इतकंच. एवढ्याने बाहुलीतून मुलगी बाहेर येते.

मग शिंप्याचं काम. शरीराला क्लिंग फिल्म गुंडाळा, वर मास्किंग टेप. टेपवर पेनाने चिलखताच्या रेषा काढा: छातीचा भाग, पोटावरच्या आडव्या पट्ट्या, कमरेखालचा पट्टा, मांडीचे भाग, गुडघा. मग रेषांवरून ब्लेडने हलके कापून टेप सोडवा आणि कागदावर सपाट पसरा. झाला ब्लाउजचा कटिंग पेपर. ज्यांच्या घरी शिवणकाम होतं त्यांना लगेच कळेल की गोलाईच्या ठिकाणी टेप सपाट बसत नाही, तिथे टक्स द्यावे लागतात. कागद एका दिशेने वाकतो, दोन दिशांना एकदम नाही. पोट, दंड, पिंढरी इथे कागद चालतो. छाती, गुडघ्याची वाटी, डोकं, टाच इथे नाही.

तिथे मग शुल्त्झ-मिटेनडॉर्फचीच युक्ती. लाटायचं! एम-सीलचे दोन्ही भाग मळले की लगेच प्लास्टिकच्या कागदावर टाल्कम पावडर भुरभुरायची आणि स्टीलच्या नळीने पोळी लाटायची. दोन्ही बाजूंना पत्रिकेच्या कागदाच्या पट्ट्या ठेवल्या आणि नळी त्यांवरून फिरवली की जाडी आपोआप बरोबर येते. घरातलं पोळपाट-लाटणं घेऊ नका, हे खाण्याच्या भांड्यांजवळ नेण्याचं रसायन नाही, आणि शिवाय घरात राहायचंय आपल्याला. पोळी थोडी घट्ट होऊ द्या, हाताला चिकटायची थांबली की आकारावर बसवा, ओल्या बोटाने दाबा. पूर्ण दगड व्हायच्या आत धारदार ब्लेडने कडा कापा. चामडं कापल्यासारखी कापली जाते. तो वीस-पंचवीस मिनिटांचा अवधी फार सुखाचा असतो, त्या वेळात फोन उचलू नका.

चेहऱ्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. गणपतीच्या कारखान्यात शेवटी डोळ्यांची आखणी होते आणि मूर्ती बघायला लागते. इथे ती सोय नाही. इथे रंगाने रेखलेला डोळा नाही, ओठाला लाली नाही, सगळं एकाच धातूचं. भाव यायचा तो फक्त उंचवटा आणि सावली यांतून. म्हणून चेहरा घडवताना टेबलावरचा दिवा एकाच बाजूला ठेवा, वर ट्यूबलाइट बंद. ट्यूबलाइटखाली सगळे चेहरे चांगले दिसतात. बाजूच्या उजेडात खरं काय ते कळतं. गालाचा उतार, भुवईची कड, वरच्या ओठाची सावली. लांगचा सिनेमा तसाही सगळा उजेड-अंधारावर उभा आहे.

आता रंग. यावर भांडणं होतात, आणि ऐकण्यासारखी होतात. एक गट म्हणतो ती ब्राँझची, एक म्हणतो सोन्याची, एक म्हणतो चांदीची. सिनेमा काळा-पांढरा, मूळ पोशाख शिल्लक नाही. शिल्पकाराने उतारवयात पॅरिसच्या सिनेमाथेकसाठी पुन्हा एक प्रतिकृती केली, पण चित्रीकरणातला पोशाख गेला तो गेलाच. मला विचाराल तर सोन्याचा आग्रह नातवामुळे आलाय. सी-थ्रीपीओ सोनेरी, म्हणून आजीही सोनेरी! ब्राँझचा आग्रह शब्दामुळे आलाय. शिल्पकाराने सांगितलं ते ‘सिल्बरब्रोन्झ’. लोक अर्धाच शब्द वाचतात. रंगवाल्यांच्या भाषेत ब्राँझ म्हणजे तो मिश्रधातू नव्हे, धातूची बारीक पूड, जी वार्निशात कालवून लावतात. सोनेरी ब्राँझ म्हणजे पितळेची पूड. चंदेरी ब्राँझ म्हणजे सहसा ॲल्युमिनियमची. थोडक्यात, सोसायटीच्या गेटला आणि पाण्याच्या पाइपांना जो चंदेरी रंग देतात त्याच्याच घराण्यातला. तेव्हा मी चांदीच्या गटात.

आणखी एक बारकावा. त्या काळी जास्त वापरात असलेली ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळी असायची. तांबूस किंवा सोनेरी वस्तू त्या फिल्मवर काळपट उतरते. ‘मेट्रोपोलिस’मध्ये दिवा पडतो तिथे ही बाई लख्ख पांढरी चमकते. हा पुरावा नव्हे, पण माझं पारडं आणखी थोडं चांदीकडे झुकतं.

मग गेटचा रंगच का नाही मारायचा? कारण त्यातले कण. २८ सेंटीमीटरच्या बाईवर ते कण वाळूएवढे दिसतात आणि ती धातूची न वाटता चमकी शिंपडलेल्या शुभेच्छापत्रासारखी दिसते. मापाला लहान करायचं तर चमकही लहान करावी लागते.

रंग देण्याआधीची तयारी आमच्या भागातल्या गॅरेजमध्ये शिकलो, तिथे डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्या काकांकडून. ते म्हणतात, चंदेरी रंग काही लपवत नाही, उलट चुगली करतो. साध्या रंगाखाली खपून जाणारा ओरखडा चंदेरीखाली ओरडतो. म्हणून प्राइमर, मग ओला वॉटर पेपर ४००चा, पुन्हा प्राइमर, मग ८००, मग १२००. मध्ये मध्ये लांबी भरायची. आणि इथेच माझ्या त्या पेचाचं उत्तर मिळालं, तेही काकांच्या भाषेत. ते ओरखडा आणि लाट यांत फरक करतात. ओरखडा म्हणजे पृष्ठभागावरची रेघ, ती गेलीच पाहिजे. लाट म्हणजे आकारातला किंचित चढ-उतार, जो हाताने ठोकलेल्या पत्र्यात राहतो. गाडीच्या दारावर त्यांना लाट चालत नाही. मला चालते, हवी आहे. लाट ठेवली की उजेड तिच्यावरून तुटत तुटत सरकतो आणि ते कवच कुणीतरी हाताने केलंय हे कळतं. ओरखडा ठेवला तर फक्त कामचुकारपणा कळतो.

म्हणून घासायला लाकडी ठोकळा वापरला नाही. ठोकळा लाट खातो. बोटाखाली पेपर धरून घासलं.

त्यावर काळा चकचकीत रंग. होय, काळा. चकचकीत काळ्यावर चंदेरी पातळ बसली की खोली येते, राखाडीवर बसली की ती नुसता राखाडी रंग वाटते. काळा अगदी गुळगुळीत हवा, तोच पुढे आरसा होणार. मी एनसी रंग वापरतो, लॅकरच्या जातीचा, म्हणजे त्या सेलॉनचा लांबचा भाऊ. पातळ हात, दोन हातांमध्ये धीर. आणि पावसाळ्यात हे करायचं नाही. दमट हवेत लॅकर वाळताना पांढुरकं धुकं धरतं, काळ्यावर तर लगेच दिसतं. जून ते सप्टेंबर मी फक्त घडवतो आणि घासतो, स्प्रे कपाटात. दिवाळीनंतरची कोरडी दुपार सगळ्यात चांगली.

काळा पुरता कडक व्हायच्या थोडं आधी, बोट लावलं तर ठसा उमटत नाही पण किंचित धरल्यासारखं वाटतं, त्या वेळी ॲल्युमिनियमची अतिबारीक पूड मऊ सुती कपड्याने चोळायची. शिंपडायची नाही, चोळायची. काळ्यातून हळूहळू धातू वर येतो. तो क्षण... बरं, ते तुम्हीच बघा. खोबणींमध्ये पूड जात नाही, तिथे काळा तसाच राहतो आणि सावली फुकटात मिळते. पट्ट्यांच्या उंच कडांवर दोन घासे जास्त. सांध्यांजवळ, काखेत, गुडघ्यामागे पेन्सिलीच्या शिशाची पूड चोळली, म्हणजे तिथला धातू थोडा गडद, पोलादी दिसतो. एवढंच. मास्क लावल्याशिवाय ही पूड उघडायची नाही, पंखा बंद, आणि जवळपास देवाचा दिवासुद्धा नको. ॲल्युमिनियमची बारीक पूड पेट घेते आणि थिनर तिला मदत करतो.

वरून चकचकीत वार्निश देऊ नका. वार्निश बसलं की धातूचा पुन्हा रंग होतो. त्याऐवजी हात लावायचा नाही, असा घरात नियम करा. (माझ्या घरात तो फक्त मला लागू आहे.)

आणि गंज. कृपा करून गंज नको. मॉडेलवाल्यांना हल्ली प्रत्येक यंत्रावर गंज, तेलाचे ओघळ, उडालेला रंग दाखवायचा सोस आहे. रणगाड्यावर ठीक. गोष्टीत ही बाई नुकतीच तयार झालेली आहे, रोटवांगने ती आपल्या गेलेल्या प्रेमाच्या आठवणीत घडवलीय. तिच्यावर कोण गंज चढू देईल?

एका श्रोत्याने मेसेज करून विचारलं होतं, आधी तारेचा माणूस, मग कवच, एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? थेट कवचाचाच आकार घडवा, आतलं कुणाला दिसणार आहे? दिसत नाही हे खरं. पण चित्रीकरणाच्या वेळचे फोटो शोधून बघा. त्यात ब्रिगिट हेल्म तो पोशाख घालून आहे आणि डोक्याचा भाग काढलेला आहे. घामेजलेली, दमलेली, केस विस्कटलेले. गळ्यापासून खाली यंत्र आणि वर एकोणीस-वीस वर्षांची पोरगी. तो फोटो टेबलासमोर लावून काम केलं की पोटाच्या पट्ट्या आपोआप श्वासाला जागा सोडून बसतात. थेट कवच घडवलेली मॉडेलं मी पाहिली आहेत. त्यांच्या बरगड्या चुकीच्या जागी असतात, कारण बरगड्यांचा विचारच झालेला नसतो.

हातांबद्दल आज बोललो नाही, कारण ते अजून चालू आहेत. दहा बोटं, प्रत्येकाला तीन सांधे, प्रत्येक सांध्याला पत्रिकेच्या कागदाची पट्टी. उजवा झाला, डाव्याची करंगळी आणि अंगठा राहिलाय. पावसाच्या आत प्राइमर बसला तर बसला, नाहीतर रंग दिवाळीनंतर.

तुमच्याकडे जुन्या पत्रिका असतील तर टाकू नका. पुढच्या भागात त्याच कागदातून पट्ट्या सरळ कशा कापायच्या आणि ब्लेड कधी बदलायचं यावर बोलू. ब्लेडवर वीस मिनिटं बोलता येतं, विश्वास ठेवा. भेटू.